बॉनेटखालचा आत्मा

त्या गुरुवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मीरा रोडची बारा मजली इमारत, घरोघरी सीए, इंजिनिअर, बँकवाले. आणि ही सगळी शिकलेली मंडळी हात जोडून एका जुन्या राखाडी गाडीकडे बघत उभी होती, कारण काशीगावच्या मठातले वाहनानंद महाराज गाडीतल्या आत्म्याला हाक मारणार होते.

महाराजांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, वर लिंबू ठेवलं. आदल्या दिवशी गाडी फिरवून पाहिलेला त्यांचा शिष्य ती चालू करून, काचा चढवून स्टेअरिंगवर बसला. वाहन सांभाळायला कुणीतरी हवंच ना!

"कौस्तुभ बेटा, आई आलीय बघ," महाराजांनी डोळे मिटून स्वर लावला. "है तो जवाब दे."

गाडी थाडथाड हादरली. लिंबू घरंगळून खाली पडलं. दुर्गाबाईंनी बॉनेटवर डोकं टेकून हंबरडा फोडला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या नीलमताईंचेही डोळे भरून आले. महाराजांना त्यांनीच आणलं होतं.

ही गाडी दुर्गाबाईंच्या एकुलत्या एका कौस्तुभची. तो गेल्या पावसाळ्यात ऑफिसातच छातीत कळ येऊन गेला होता. त्या दुःखावर महाराजांनी आता आपलं दुकान मांडलं.

"त्याला पुढे जायचंय, माताजी. पण बायकोनं स्टेअरिंग धरून ठेवलंय, म्हणून अडकलाय. पुढच्या गुरुवारी गाडी मठात सोडा, तोही सुटेल."

गाडी मठाला आणि आत्मा स्वर्गाला, अशी ही वाटणी. आत्म्याला कागदपत्रं लागत नसतील, महाराजांना मात्र आरसी बुकही सोबत हवं होतं.

खांबाशी उभ्या असलेल्या रसिकाकडे सगळ्या माना वळल्या. मेलेल्या नवऱ्यालाही न सोडणारी बाई! दुर्गाबाईंनी त्या दिवसापासून सुनेशी बोलणं टाकलं. तिनं वाढलेलं ताट तसंच परत येऊ लागलं. रसिकाला गाडीचं दुःख नव्हतं. नवरा गेल्यावर तिला आई म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते या भोंदूनं तिच्यापासून तोडलं होतं.

शनिवारी ऑफिसातून परतताना ती गोडदेवजवळच्या सिग्नलला थांबली. उकडत होतं म्हणून तिनं एसीचं बटण दाबलं. गाडी थाडथाड हादरली, अगदी गुरुवारसारखी. तिनं बटण बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

आणि तिला आठवलं, गाडी तर कौस्तुभ शेजारी बसलेला असतानाही अशीच हादरायची. "प्लग गेलेत गं, रविवारी बदलतो," असं तो कुरकुरायचा. जिवंत माणसाचा आत्मा बॉनेटखाली कसा जाईल? घरी पोचल्यावर तिनं डिकी उघडली. त्यानं आणलेले नवे स्पार्क प्लग तिथंच पडले होते.

मागच्या खेपेला तो प्लग बदलत असताना टॉर्च तिनंच धरला होता. रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, तिनं प्लगना ठिणगी देणाऱ्या कॉइल उपसल्या, प्लगच्या पान्यानं जुने प्लग काढले. एकाची पांढरी चिनी माती तडकली होती आणि टोक जळून गेलं होतं. नवे प्लग तिनं आधी बोटांनी फिरवून बसवले, मग पान्यानं आवळले. या कामाला मंत्र लागला नाही.

पुढच्या गुरुवारी महाराज गाडी न्यायलाच आले. त्यांनी हाक मारली. गाडी गप्प. आत शिष्य एसीचं बटण दाबून दाबून घामाघूम झाला. पण महाराज कसले कच्चे!

"मुक्त झाला! माझा जप फळला. आता रिकामी गाडी मठात पोचवा."

टाळ्या वाजल्या. रसिका पुढे आली. शिष्याला उतरवून तिनं गाडी बंद केली, बॉनेट उघडून एका कॉइलची वायर काढली आणि गाडी परत चालू केली. मग सासूचा हात धरला.

"आई, एकदा बसा. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. आणि हाक त्याला नका मारू, दुधीभोपळ्याला मारा. मारली की हे बटण दाबा."

दुर्गाबाई रागानं बसल्या. "दुधी, आहेस का?" त्या पुटपुटल्या आणि बटण दाबलं.

गाडी थाडथाड हादरली. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"एक प्लग मेला की इंजिन लंगडतं," रसिका म्हणाली. "त्यात एसीचा भार टाकला की असं हादरतं. दुधीलाही ओ देतं."

दुर्गाबाईंनी बटण बंद केलं, चालू केलं, बंद केलं.

"म्हणजे तो इथं नव्हताच?"

"नव्हता, आई. प्लग मात्र त्यानंच आणलेले. बसवायचे राहिले होते, ते मी बसवले."

महाराज विज्ञानापलीकडच्या शक्तीबद्दल काही सांगू लागले. शिष्य तोवर गेटपर्यंत पोचला होता. दुर्गाबाई खाली उतरल्या आणि महाराजांसमोर उभ्या राहिल्या.

"माझ्या पोराच्या नावानं बटण दाबत होतात," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "वायर लाव ती. घरी चल, जेवायचंय आपल्याला."

तर मंडळी, गाडी हादरली तर बॉनेट उघडा, नाहीतर मेकॅनिकला बोलवा. आणि आपलं माणूस गेलं तर रडा, त्याच्या गोष्टी सांगा, पण त्याच्या नावानं कुणी चमत्कार दाखवू लागला तर आधी बघा, त्याचा माणूस कुठलं बटण दाबतोय.