आप्पांचं विशेषण

मुलींच्या शाळेची मोठी बाई होण्यात दमयंतीला काय मिळायचं होतं? खुर्ची, कपाटाच्या किल्ल्या आणि शाळेमागची राहायची खोली. विधवा बहिणीला पोसतो, असं उठताबसता ऐकवणाऱ्या भावापासून सुटका ती त्या खोलीतच. एकतीस सालची रत्नागिरी. शाळा-कमिटीचे अध्यक्ष आप्पा इंग्रजीत शिफारस लिहिणार आणि वरचा साहेब ती वाचून नेमणूक करणार.

आप्पांनी शिफारस सभेत मोठ्याने वाचली. "हर टंग इज कॉस्टिक," आणि समजावलं, "बाईंची वाणी तीक्ष्ण आहे." टाळ्या पडल्या. इंग्रजी विशेषण म्हणजे शालजोडी, उलटी की सुलटी कोण बघतो? दमयंतीने तर वर्गात साखर वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने वाचनालयातला कोश उघडला आणि तिचे कान तापले. कॉस्टिक म्हणजे जाळणारा; बोलण्याविषयी असेल तर झोंबरा, जिव्हारी लागणारा. ती तडक आप्पांच्या ओटीवर गेली. तिथे त्यांची बायको येसूबाई बोटांना तेल लावून ओले काजू सोलत होती.

"आप्पा, हा शब्द शिफारशीत घालतात?"

"अहो बाई, तीक्ष्ण ते तीक्ष्ण. सुई काय, सुरी काय."

"सुईने शिवतात. तुमचा शब्द या काजूच्या चिकासारखा आहे, लागेल तिथलं कातडं काढतो. नेमकं बोलणाऱ्याला इनसिसिव्ह म्हणतात. तुम्हांला ठाऊक आहे."

"मुंजीला नेलेली बाकं भर सभेत मागितलीत, तेव्हा नेमकंच बोलत होतात वाटतं?"

शाळेची ती बाकं अजून ओटीवरच होती. आप्पा त्यातल्याच एकावर बसले होते. दमयंती उभीच राहिली.

"अहो, बदला तो शब्द," येसूबाई म्हणाली.

"कागद टपालात गेला."

"मग दुसरा पाठवा," दमयंती म्हणाली. "लिहा, पहिला आकसाने लिहिला होता."

आप्पांनी सुपारी कातरली. "बघ गो, येसू. यालाच कॉस्टिक म्हणतात."

साहेबाने झोंबरी बाई नाकारली. खुर्चीवर आप्पांचा भाचा काशीराम बसला. पुरुष हेडमास्तर म्हटल्यावर आयांनी मोठ्या मुलींना घरी बसवलं. आप्पांच्या नातीचं नाव तर येसूबाईनेच सगळ्यांत आधी शाळेतून काढलं. आप्पांना एका शब्दात भाच्याची सोय करता आली. दमयंतीची खोली गेली आणि त्या मुलींच्या पुढच्या सगळ्या इयत्ता.