वाट दिली नव्हती

कंटेनर यार्डाच्या गेटबाहेर त्या सकाळी एक ट्रेलर, एक पाण्याचा टँकर आणि चौदा दुचाकी होत्या. चौदापैकी नऊ ट्रेलरच्या डाव्या अंगाला होत्या. त्या नऊही दुचाकींवर गावदेवीचं एकच स्टिकर होतं. ट्रेलरचा डावा इंडिकेटर चालू होता.

उन्नतीने हे नीट पाहिलं, कारण ती आपली स्कूटर घेऊन मागे थांबली होती. रबाळ्याच्या एका कारखान्यात ती रसायनांचे नमुने तपासायची. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

ट्रेलरने आधी उजवीकडे तोंड काढलं. डावीकडे मोठी जागा झाली. नऊही जण त्या जागेत घुसले. आठ निघून गेले. नववा तिचा धाकटा भाऊ मिथुन. तो निम्म्यात असताना ट्रेलर डावीकडे वळला आणि मागची चाकं त्याच्या स्कूटरवरून गेली. मिथुन कडेच्या गटारात फेकला गेला म्हणून वाचला, पण पाय मोडला.

उलव्याजवळच्या या गावात एक रीत होती. यार्ड उभं राहिलं ते गावच्या भातशेतीवर. तेव्हापासून गेटपाशी गावाची गाडी आधी जायची, कंटेनर नंतर. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण पाळत सगळेच. ट्रेलर उजवीकडे सरला की पोरं ओरडत, "बघ, गाववाल्यांना वाट देतोय!"

संध्याकाळी गावचे पुढारी देवजीकाका घरी आले. चहा समोर येण्याआधीच म्हणाले, "रविवारी यार्डचा मॅनेजर येनार हाय. त्या अब्दुर्रहमान डायवरला कामावरून काढायचाच. उन्नती, तू सांगायचं, इंडिकेटर नव्हता."

"होता, काका."

"आगं, होता का नव्हता ते कोन बघतंय? तू नव्हता म्हन."

"मी बघितलाय. होता."

तिचा बाप नामा खाटेवरून उठलाच. "सख्ख्या भावाचा पाय मोडला, आनि तू डायवरची वकिली करतेस?"

"वकिली नाही, बाबा. माझ्या तोंडून खोटं निघणार नाही, एवढंच. एका माणसाची भाकरी जाईल. आणि मग? दुसरा ड्रायव्हर येईल. ट्रेलर तसाच वळेल. उद्या कुणाचं पोर त्याच्याखाली जाईल?"

"जमीन आपली व्हती! माझ्या बापाची!"

"होती. पण चाकाला ते माहीत नाही!"

दारात उभी असलेली आई पुटपुटली, "शिकवली तुमीच. आता ऐका."

देवजीकाका हसले. "बोल मग. काय करायचं म्हनतेस?"

"मांडवाच्या नऊ खुर्च्या द्या मला रविवारी."

रविवारी यार्डाच्या मोकळ्या जागेत सगळं गाव जमलं. मिथुनही प्लास्टर घातलेला पाय लांब करून रिक्षात बसला होता. अब्दुर्रहमान मान खाली घालून म्हणाला, "आरसा बघितला होता मी. पोरगा दिसलाच नाही, अल्लाकसम."

"डोळे घरी ठेवून आलतास काय रं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"दिसला नाही हे खरं की खोटं, तपासून बघू," उन्नती म्हणाली. मॅनेजरने मान हलवून होकार दिला. तिने ट्रेलरच्या डावीकडे लाल प्लास्टिकच्या नऊ खुर्च्या मांडल्या, दुचाकी उभ्या होत्या तशाच. "बाबा, तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसा."

"ही काय जत्रा हाय का?" देवजीकाका कुरकुरले. पण नामा चढला.

"किती खुर्च्या दिसतात?"

"आरशात... मागच्या चार."

"आणि मी?"

नामाने मान वाकडी केली, आरशाकडे पाहिलं, काचेकडे झुकला. "तू कुठं हायस?"

"पुढच्या खुर्चीपाशी. हात हलवतेय, बाबा."

"आवाज येतोय तुझा! पोरी, तू दिसत नाय गं!" नामा वरून ओरडला.

मग उन्नतीने सगळ्यांना लांब भिंतीपाशी नेलं. अब्दुर्रहमान सीटवर बसला, नामा त्याच्या शेजारी. ट्रेलरने उजवीकडे तोंड काढलं. डावीकडे ती ओळखीची जागा उघडली. सवयीने एक पोरगा बोलूनही गेला, "बघ, वाट देत..."

ट्रेलर वळला. पुढची चाकं खुर्च्यांना लागलीही नाहीत. पण मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने आलीच नाहीत. ती आतून, आखूड वळणाने आली. कडाकड आवाज झाला. नऊपैकी सात खुर्च्यांचा भुगा झाला.

रिक्षातून मिथुन म्हणाला, "इंडिकेटर मला दिसला होता, काका. मला वाटलं, आपल्यालाच वाट देतोय."

नामा खाली उतरला तो ओरडतच. "वाट दिली नव्हती रं कुनी! त्याला वळायलाच तेवढी जागा लागते, आनि आपन मान समजून आत घुसतोय!" मग तो मॅनेजरकडे वळला. "अब्दुर्रहमान कामावर राहील. पन आमचंबी ऐका. वळनावर दुचाकीनं मागं थांबायचा रंगाचा पट्टा मारा, गेटवर शिट्टीवाला मानूस ठेवा. नाय तर पुरा गाव गेटसमोर बसंल!"

देवजीकाकांनी एक फुटकी खुर्ची उचलून पाहिली. "बसंल," ते म्हणाले. "मी पयला."

वाचकहो, हे एका गावापुरतं नाही. अवजड गाडीच्या बाजूला अचानक उघडलेली जागा ही आपल्याला कुणी दिलेली वाट नसते. तिच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. मागे थांबा, अंतर ठेवा, तिला पुरतं वळू द्या. आणि हक्कासाठी भांडायचंच असेल, तर गेटसमोर उभं राहून भांडा. चाकाखाली शिरून नाही!

पुढच्या महिन्यातल्या एका सकाळी गेटबाहेर एक ट्रेलर आणि सोळा दुचाकी होत्या. शिट्टी वाजली. अब्दुर्रहमानने डावा इंडिकेटर दिला, ट्रेलर उजवीकडे काढला आणि वळवला.

डावीकडे शून्य. मागे सोळा.