बाकाखालचे रिकामे डबे

मित्रांनो, सांगलीजवळ कृष्णेच्या काठी पालथी पडलेली ती 'अपशकुनी' मोटारबोट मीच. जुनी आहे, गंजलेली आहे, हे कबूल. पण अपशकुनी? हे नाव मी साफ नाकारते!

माझं अंग लोखंडी पत्र्याचं. महायुद्ध संपल्यावर माझे मालक नानासो यांनी मला लष्कराच्या लिलावातून आणलं. फौजेतून परतलेल्या हरिबाने माझं इंजिन दुरुस्त केलं. मग रॉकेलच्या रिकाम्या डब्यांची तोंडं झाळून, म्हणजे डाग देऊन हवाबंद करून, त्याने ते माझ्या बाकांखाली घट्ट बसवले. "पानी शिरलं तरी ह्यातली हवा बोटीला बुडू द्यायची न्हाई," तो म्हणाला. तो माणूस मला फार आवडला.

श्रावणात पहिल्या फेरीचा मुहूर्त ठरला. हरिबा सामान आणायला साताऱ्याला गेला होता. नानासोंच्या आई बयाबाई माझी पूजा करायला आल्या आणि डबा वाजवून दचकल्या.

"आरं नाना, ह्ये समदं रिकामं हाय! शुभ कामाला रिकामं भांडं चालतंय व्हय?"

"आई, हरिबा म्हनला हुता..."

"त्येला काय कळतंय? कृष्णामाईच्या पान्यानं भर!"

मुहूर्त टळत होता. नानासोंनी डब्यांना भोकं पाडली, पाणी भरलं, डांबराने बुजवलं. माझा जीवच काढून घेतला हो! मी चांगली चार बोटं खाली बसले, तर लोक म्हणतात कसे, "आता कशी ठाम बसली!" धन्य त्या शहाण्यांची!

नानासो, बयाबाई आणि गावकरी यांना घेऊन मी पहिल्या फेरीला निघाले आणि भर धारेत वाहत आलेल्या ओंडक्याने माझा पत्रा फाटला. डब्यांत हवा असती, तर मी पाण्याने भरूनही तरंगले असते आणि सगळे मला धरून राहिले असते. मी तळाला गेले. माझा नावाडी धुळा, त्याने बयाबाईंना काठाला लावलं. मग इतरांसाठी तो परत वळला. इतर कसेबसे वाचले, धुळा मात्र पुन्हा दिसला नाही.

पाणी ओसरल्यावर मला ओढून काढलं. हरिबाने एक डबा फोडला, तेव्हा आतलं पाणी नानासोंच्या पायांवर सांडलं. नानासोंनी त्याचा हात धरला.

"म्हातारीला सांगू नगंस, हरिबा. कुनालाच सांगू नगंस."

आणि दोष माझ्या माथी! चोर सोडून संन्याशाला फाशी!

मित्रांनो, नावेत असा बंद डबा दिसला, तर ज्याने तो बसवला त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि आणखी एक करा. धुळाची बायको साळूबाई काठावर येते, माझ्यावर थुंकते आणि बयाबाईंच्या पाया पडून जाते. तिला कुणीतरी खरं सांगा.