मान डावीकडे वळेना

बाबांचा उजवा कान करवतीच्या आवाजानं खाल्ला होता. आमचं दुकान तसबिरींना चौकटी करून देण्याचं. लांबलचक टेबलाच्या उजव्या टोकाला विजेची करवत, तिच्याजवळ बाबा आणि त्यांच्या डावीकडे मी. त्यांना काही सांगायचं तर मान उजवीकडे वळवून त्यांच्या शाबूत कानात ओरडायचं. ओरडून सांगायच्या गोष्टी आखूड होतात. धरा. सोडा. जेवायला चला.

शेवटच्या साध्यासुध्या दिवशीही तेच चाललं होतं. आरशाची मोठी चौकट होती. बाबांनी करवत थांबवली, पट्टीवरचा भुसा फुंकला आणि म्हणाले, "माझ्यामुळे तू अडकलीस इथं."

कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडून मी दुकानात आले, तेव्हापासून हे वाक्य त्यांच्या तोंडी होतं. हवापाण्यावर बोलावं तसं ते बोलायचे. मी नेहमीसारखंच म्हटलं, "पट्टी धरा, बाबा!"

"अगं, मी काय म्हणतो..."

"पट्टी!"

"ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?" असं म्हणून ते आपल्याच विनोदावर खो खो हसले. मग पट्टी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

मी दुकान फार दिवस बंद ठेवलं नाही. उघडलं त्याच आठवड्यात मान धरली. आधी वाटलं, वेडीवाकडी झोपले असेन. पण ती सुटेना. कानामागून खांद्यापर्यंत उजवीकडे दोर ओढून बांधल्यासारखं वाटायचं. डावीकडे पाहायचं झालं तर सगळं अंग फिरवावं लागायचं. रस्ता ओलांडताना मी दारासारखी वळत होते.

घरात मावशी होती. तिनं उशी बदलली. मग उशी काढूनच टाकली. मग जुनी परत आणली.

"ताण घेऊ नकोस," ती म्हणाली.

"घेत नाहीये."

"बघ, बोलतेस तेही दात आवळून."

जो भेटेल तो हेच सांगत होता. ताण घेऊ नकोस. जणू तो दुकानात मांडून ठेवलेला असतो आणि मीच हावरटासारखी उचलून आणते. मी मानेवरची पुस्तकं आणून वाचली. कोणता स्नायू कुठून निघतो, कुठे जातो, हे मला चित्र काढून दाखवता आलं असतं. मान मात्र होती तिथंच.

खरी चीड मानेची नव्हती, कोपऱ्यांची होती. चौकटीचा कोपरा जुळायचा तर दोन्ही पट्ट्यांचा तिरका काप तंतोतंत लागतो. कापायचं काम बाबांचं आणि जुळवायचं माझं. आता दोन्ही माझ्याकडे होतं आणि चौथा कोपरा उघडा राहत होता. केसाएवढी फट, पण फटच. लाकूडभरणीनं ती बुजवता येते. बाबांनी आयुष्यात बुजवली नव्हती. मी पट्ट्या फेकत होते, नव्या कापत होते आणि भरल्या डोळ्यांनी काटकोन तपासायच्या गुण्याला शिव्या देत होते. गुण्या बिचारा काटकोनातच होता.

"मानच सांगतेय तुला," मावशी म्हणाली. "सोड ते दुकान. कॉलेजात परत घेतील. तुझा बाबा तरी कुठे तुला अडकवायला बघत होता? त्याच्या जिवाला तेच तर लागलेलं."

"मावशी, पुरे."

"मी काय, तुझ्या भल्याचं..."

"पुरे म्हटलं ना."

आमच्या घरात मी एवढा आवाज फक्त बाबांसाठी चढवायचे.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. मावशी तिला मानवाली म्हणायची. बुटकी, गरम हातांची बाई होती ती. तिनं माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि म्हणाली, "काही ताण आहे का?"

मी उठून चालू लागणार होते. "वडील गेले," मी म्हटलं.

"मग सगळे म्हणत असतील, दुःखानं आखडलीय."

"हो."

"दुःखानं आखडतेच. पण खांदे दोन्ही वर जातात, दात आवळले जातात. तुमची एकाच बाजूची आखडलीय. दुःख असं बाजू बघून बसत नाही. काय करता दिवसभर?"

"चौकटी."

"कुठे बघून?"

"समोर. टेबलावर."

"बरं," ती म्हणाली. पटलं नसल्याचं तिनं लपवलं नाही.

तिनं शिकवलं ते साधंच होतं. गरम टॉवेलचा शेक. खांदे कानांपासून खाली सोडायचे. हनुवटी किंचित मागे न्यायची, कपाटाचा खण लोटावा तशी. मग मान हळूच डावीकडे, ओढ लागेल तिथपर्यंतच. तिथं थांबून श्वास सोडायचा. "हिसका द्यायचा नाही आणि कोणाकडून कडकडा मोडून घ्यायची नाही. हात बधिर झाले, मुंग्या आल्या तर व्यायाम थांबवून डॉक्टरकडे जायचं."

मी इमानेइतबारे सगळं करायचे. सकाळी मान बरीच फिरायची. दुकानातून परतेपर्यंत पुन्हा लाकूड. पुढच्या खेपेला मी तिला सरळ म्हटलं, "काही उपयोग नाही तुमचा."

"असेल," ती म्हणाली. "आजोबांनी काढलेलं होडीचं चित्र आहे घरी. चौकट करायचीय. दुकानात घेऊन येते."

दोन दिवसांनी दुपारी चित्र काखेत मारून ती आली. मी टेबलाशी उभी राहून एक कोपरा जुळवत होते. ती माझ्या डावीकडे येऊन थांबली.

"लाकूड कुठलं घेऊ?"

"सागवान घ्या. होडीला शोभेल."

"रंग?"

"नुसतं तेल."

"किती दिवस लागतील?"

"आठवडाभर. कोपरे सध्या..." मी थांबले. ती विचित्र नजरेनं पाहत होती.

"मी इकडे आहे," ती म्हणाली.

"माहितेय."

"मग तिकडे कोणाशी बोलताय?"

माझी मान उजवीकडे वळलेली होती. करवतीशेजारच्या रिकाम्या जागेकडे. तिचा प्रत्येक प्रश्न डावीकडून आला होता आणि प्रत्येक उत्तर मी तिकडे दिलं होतं, तेही मोठ्यानं. करवत तर बंद होती.

मी हातातल्या पट्ट्यांकडे पाहिलं. त्याही मी तिरक्या नजरेनं जुळवत होते. पाय समोर, हात समोर, डोकं मात्र बाबांकडे. इतकी वर्षं ते चाललं, कारण माझ्या नजरेची चूक ते आपल्या कापात सांभाळून घ्यायचे. आता सांभाळायला कोणी नव्हतं.

"तुमची जागा बदला," ती हलकेच म्हणाली. "करवतीच्या आणि तुमच्या जागेच्या मधोमध उभ्या राहा. दर पाव तासानं हातातलं खाली ठेवायचं, खांदे सोडायचे. आणि माझं चित्र सांभाळून हं, आजोबा तापट होते."

ती गेल्यावर मी बराच वेळ तिथंच उभी होते. बाबांची जागा माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मधोमध म्हणजे तिच्यात अर्धं पाऊल टाकणं. मला ते जमेना आणि न जमण्याचा राग येत होता. एवढ्याशा जागेचं काय ते!

मग सरकले.

खांदे सोडले, हनुवटी मागे घेतली. मान दुखत होतीच. पट्ट्या समोर धरल्या आणि सरळ पाहिलं. एका पट्टीचा काप किंचित जास्त होता. इतके दिवस तो मला दिसलाच नव्हता. पट्टी पुन्हा कापली आणि करवत बंद केली. चौथा कोपरा मिटला. मी नखानं चाचपून पाहिला. फट नव्हती.

दुकान शांत होतं. ओरडायची गरज नव्हती. मी मान वळवली नाही. समोरच्या चौकटीकडे बघत, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हटलं,

"बाबा, मी तुमच्यामुळे अडकले नव्हते. मला इथंच यायचं होतं."