पहिली पंगत बायकांची

संस्थेच्या अहवालात आमच्या रोडग्यांना एकच ओळ मिळाली: 'करमणुकीचा खर्च, टाळावा.' ती वाचून माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर नाही.

मी ज्योत्स्ना. मेडशीजवळच्या आमच्या गावात बायकांची तुरीची डाळमिल आहे, तिची मी सचिव. आसपासच्या गावांतल्या अशाच मिली भांडणांपायी गंजल्या, आमची मात्र धडधडत राहिली. हे कसं जमलं, याचा अभ्यास करायला पुण्याच्या संस्थेतून योगिनी मॅडम आल्या. सामाजिक नवोपक्रम हा त्यांचा विषय.

आम्ही खरं ते सांगितलं. तुरीच्या हंगामात मारोतीपुढे रोडग्यांचं गावजेवण होतं. कणीक मळायची, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, ते पुरुषांनीच. पण पहिल्या पंगतीत जेवायलाही तेच बसायचे. मिल सुरू झाली तेव्हा आमच्या अध्यक्ष रंगूबाईनं तेवढंच फिरवलं. पहिली पंगत मिलच्या बायकांची, पुरुषांनी वाढायचं. मिलची सभासद हुस्नाबानो आणि रंगूबाई शेजारी बसायच्या, आणि जिच्या पोटात जे असेल ते ती तिथंच बोलून टाकायची. हातात वरणाची बादली असलेल्या माणसाला मध्येच तोंड घालता येत नाही. मिलची भांडणं तिथंच मिटायची.

मॅडम हसल्या. "छानच आहे. पण हा झाला सांस्कृतिक भाग. मला तुमची व्यवस्था समजून घ्यायचीय."

"मॅडम, हेच तं व्यवस्था हाये," मी म्हणाले. ऐकतंय कोण!

संस्था आम्हाला दुसरं यंत्र देणार होती, म्हणून तिचा सल्ला मानावा लागला. रोडगे बंद झाले. त्याऐवजी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये तक्रार निवारण बैठक. खुर्च्या मांडल्या गेल्या. आता खुर्ची दिसली की आमच्या गावात आधी कोण बसतं, हे काय संशोधन करून शोधायचं असतं? रंगूबाईचा धाकटा दीर जगदेव पुढच्या खुर्चीत, बायका मागे सतरंजीवर, डोक्यावर पदर घेऊन गप्प. दुसऱ्याच बैठकीत "बायकाईले कायले तरास?" म्हणत जगदेवनं मिलची चाबी स्वतःच्या खिशात घातली. मग पहिली डाळ त्याची, नंतर त्याच्या सोयऱ्यांची. हुस्नाबानोची तूर पोत्यातच किडली.

आणि मॅडमनी पुढच्या अहवालात लिहिलं काय? 'स्थानिक संस्कृती हा अडथळा. स्त्रिया बैठकीत बोलत नाहीत.' तोंड बांधायचं तुम्ही आणि मुक्या म्हणायचं आम्हाला! मी तो कागद रंगूबाईपुढे आपटला.

"कागदावर काहून राग काढून राह्यली?" ती म्हणाली. "म्या मारोतीले रोडगे बोलले. येत्या शनवारी. मॅडमलेबी बोलाव."

मारोतीला बोललेल्या रोडग्यांच्या नवसाला आमच्या गावात कुणी नाही म्हणू शकत नाही. जगदेव आला. मॅडमही आल्या. हुस्नाबानोचे घरवाले निजामुद्दीनभाई गोवऱ्यांचा जाळ सांभाळत होते. मारोतीला नैवेद्य दाखवला, पहिली पंगत बसली, पत्रावळींवर रोडगे आले. जगदेव वरणाची बादली घेऊन हुस्नाबानोसमोर वाकला, तेव्हा तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला.

"जगदेवभाऊ, माही तूर काहून किडली?"

तिच्या शेजारी रंगूबाईनंही हात आडवा धरला. मग मी, मग सगळ्या पंगतीनं. मारोतीच्या दारातून बायांची पंगत उपाशी उठली तर वाढणाऱ्याच्या घराला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही, हे जगदेवला पक्कं ठाऊक. मागं उभे असलेले पुरुष त्याच्याकडेच बघत होते.

त्यानं बादली खाली ठेवली, खिशातून चाबी काढली आणि रंगूबाईपुढे ठेवली. "चुकलं, वयनी," एवढंच म्हणाला.

मॅडम लगबगीनं पुढे आल्या. "एक मिनिट! हे नेमकं काय झालं, मला कोणी सांगेल का? म्हणजे माझ्या मते..."

मी उठले, जगदेवनं ठेवलेली बादली उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"वाढा," मी म्हणाले. "आता आमी बोलतो."