चौकोनवाल्या बाई

“गुणाकार!” भोंगा ओरडली. आवाज असा खणखणीत की वर्गाने तिचं नावच ते पाडलं होतं. “‘तिप्पट’ आलं की गुणाकार. चोवीस त्रिक बहात्तर!”

“आधी गोष्ट तर नीट वाच,” बाई म्हणाल्या.

“ताईकडे भावाच्या तिप्पट मणी. दोघांचे मिळून चोवीस. तर भावाकडे किती?” भोंगाने वाचलं.

“दोघांचे मिळून चोवीस आणि एकट्या भावाकडे बहात्तर? चोर दिसतोय मेला!” बाई म्हणाल्या.

वर्ग खिदळला. बाईंनी फळ्यावर भावाचा एक चौकोन काढला, त्याखाली ताईचे तेवढेच तीन. भोंगा पुढे येऊन त्यांवरून बोट फिरवू लागली आणि मध्येच थबकली.

“सगळे मिळून चार... म्हणजे एकात सहा. बाई, भावाचे सहा!”

तेवढ्यात मुख्याध्यापिका आत आल्या. “हे गणित आहे की चित्रकला? पालक तक्रारी करताहेत. परीक्षेत रीत लागते, बाई. पुसा ते.”

बाईंनी डस्टर त्यांच्यापुढे धरलं. “तुम्ही पुसा. माझ्या हातून व्हायचं नाही. रीत मीही शिकवते, पण आधी पोरांना दिसू दे, काय चाललंय ते.”

मुख्याध्यापिकांनी फळा पुसला. त्यांची पाठ वळताच बाईंनी चौकोन पुन्हा काढले.

पुढच्याच आठवड्यात चौथीचं गणित नव्या सरांकडे गेलं आणि बाईंना पहिलीचा वर्ग मिळाला.

“निवृत्तीला आलीस,” नवरा जेवताना म्हणाला. “आता कशाला वाकड्यात शिरतेस?”

“वाकड्यात कुठे? सरळ रेघा तर मारते.”

तो हसला.

एका सकाळी पहिलीच्या दारातून त्यांना भोंगा दिसली. चौथीच्या वर्गाबाहेर, भिंतीला न टेकता उभी.

“काय झालं गं?”

“वहीत चौकोन काढले. सर म्हणाले, खोड. मी नाही खोडले.” तिचा आवाज आज बारीक होता.

“आणि उत्तर?”

“बरोबर होतं.”

‘जा, खोडून टाक, आत बस,’ असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्याऐवजी पहिलीतली एक बुटकी खुर्ची आणून त्यांनी तिच्याजवळ ठेवली.

“बस. पाय दुखतील.”

“नको, बाई. मी उभीच राहते.”

बाईंनी खुर्ची उचलली आणि त्या आपल्या वर्गात गेल्या.