महाराजांना दिसलेलं जांभूळ

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. अंबरनाथ पूर्वेच्या त्या मैदानात एरवी पोरं क्रिकेट खेळायची, पण गेला महिनाभर दर गुरुवारी तिथं पितरानंद महाराजांचा दरबार भरत होता. बदलापूरहून, उल्हासनगरहून रिक्षा भरभरून माणसं येत होती. महाराजांना म्हणे लोकांचे मेलेले आजे-पणजे समोर उभे दिसत. त्यांच्याशी बोलून झालं की महाराज 'पितृजल' देत, आणि त्याने कुठलाही आजार बरा होई. उल्हासनगर कॅम्प दोनच्या एका सिंधी दुकानदाराने तर गेटावरच रिकाम्या बाटल्यांचा ठेला टाकला होता. "साईं, पानी बाबा का, बाटली अपनी! एक के साथ झाकण फ्री!"

व्यासपीठावर महाराज डोळे मिटून डुलत होते. खांद्यापर्यंत केस, कान झाकलेले, गळ्यात हातभर लांब माळ.

"दिखता है... दिसतंय मला! रखमा कोण आहे इथं? सखारामाची लेक? उठ माई, तुझा बाप आलाय!"

रखमाबाई उठल्या. मागे खांबापाशी त्यांची सून चैत्राली उभी होती, कडेवर तिची लेक सई. सासूबाईंना एकटं पाठवायला नको म्हणून ती आली होती, नाहीतर या मांडवाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नसतं.

"जिथं आज आनंदनगरच्या कंपन्या आहेत, तिथं तुझ्या बापाचं शेत होतं. टोकाला विहीर. विहिरीवर जांभूळ. ज्या दिवशी ती बुजवली, त्या दिवशी तुझ्या बापाने तिला नारळ वाहिला, घरी आला आणि पाण्याचा तांब्या उपडा घातला. खरं की खोटं?"

"खरं, महाराज," रखमाबाईंना हुंदका आवरेना.

"विहीर बुजली, माई," महाराजांचा आवाज खाली आला, "पण तहान तुमच्या घरात राहायला आली."

सगळा मांडव हळहळला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

चैत्रालीने मात्र सईला घट्ट धरलं. 'लबाड' किंवा 'भोंदू' हे शब्द तिच्या मनात नंतर आले. सगळ्यांत आधी आला तो एकच. माझं! ते वाक्य माझं आहे!

ते खरंच तिचं होतं. सईच्या जन्मानंतर तिने नोकरी सोडली आणि 'वेशीवरून' नावाची एक वेबसाईट सुरू केली. गावाचा जुना इतिहास, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, आणि शिवाय नगरपरिषदेच्या सूचना, सभेतले ठराव, कुठला रस्ता कधी खोदणार, कुठल्या भागात पाणी कधी बंद. सई दुपारी झोपली की ती लिहायची. एक हात कीबोर्डवर, दुसरा पोरीच्या पाठीवर. सासूबाईंनी शेंगा सोलताना सांगितलेली विहिरीची गोष्ट तिने अशीच लिहिली होती. त्या तहानेच्या वाक्यापायी तीन दुपारी गेल्या होत्या. ते वाचून कोणी रडलं नव्हतं. कोणी वाचलंच नव्हतं. नवरा अक्षय शिफ्टवरून येऊन "मस्त लिहिलंयस गं" म्हणायचा, आणि त्याचा अंगठा पानाच्या अर्ध्यावरच थांबलेला असायचा.

आणि आता तेच वाक्य एका केसाळ माणसाच्या तोंडून आलं, तर हजार माणसं रडत होती. त्यांत तिच्या सासूबाईही होत्या, ज्यांनी तिची साईट कधी उघडून पाहिली नव्हती.

त्या दिवशी महाराजांनी जाता जाता भाकीतही केलं. "परवा पूर्वेला नळ कोरडे दिसतात मला!" ती सूचना चैत्रालीने सकाळीच साईटवर चढवली होती. दोन दिवसांनी नळ कोरडे पडले आणि शेजारच्या बनूबाईंनी महाराजांच्या फोटोला हार घातला.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण दरबाराच्या दिवशीच रखमाबाई घरी आल्या, त्यांनी फ्रिजमधलं इन्सुलिन काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि त्या जागी पितृजलाची बाटली ठेवली.

"आई, हे काय करताय? तुमच्या पायाच्या अंगठ्याची जखम अजून भरली नाहीये!"

"बापाने सांगितलंय. महाराजांच्या तोंडून सांगितलंय. आता सुई नको."

"अहो, ते सगळं माझ्या साईटवर आहे! तिथून वाचून सांगतात ते."

रखमाबाईंनी सईला मांडीवर ओढलं. या मांडीमुळेच तर चैत्रालीला दोन ओळी लिहायला मिळत. "तू लिवलंस ते खरंच ना? मग खरं ते तुलाही दिसणार, महाराजांनाही दिसणार. सूर्य काय एकट्या तुझ्याच दारात उगवतो?"

चैत्राली डब्यातलं इन्सुलिन शोधू लागली.

"एक बोलू?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "तू जळतेस गो त्यांच्यावर."

ते मात्र बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. जळतच होती ती. महिनाभर साईटवर कोणीतरी रोज येऊन जुनी पानं एकामागून एक उघडत होतं, हे तिला आकड्यांवरून कळत होतं. "मला एक खरा वाचक मिळाला," असं तिने लाजत अक्षयला सांगितलंही होतं. आता तो वाचक कोण, ते कळलं. पण आपण खऱ्यासाठी भांडतोय की नुसत्या पोटदुखीने, हे तिचं तिलाही सांगता येईना.

चार-पाच दिवसांत अंगठा काळपट दिसू लागला. अक्षयने विनवलं, डॉक्टरांनी फोनवर झापलं. रखमाबाई बाटलीतलं पाणी जखमेवर शिंपडत राहिल्या. नवं इन्सुलिन फ्रिजच्या दारात तसंच पडून होतं.

त्या दुपारी सासू-सून मेथी निवडत बसल्या होत्या. सई जुड्या विस्कटत होती. रखमाबाई स्वतःशीच हसल्या.

"महाराज जांभूळ म्हणाले. अगो, उंबर होता आमचे विहिरीवर! उंबराखालीच तर आमची शाळा भरायची खोटी खोटी. पण असू दे. एवढ्या गर्दीत माणूस चुकणारच."

चैत्रालीचा हात मेथीतच थांबला. तिने फोन काढून आपलंच पान उघडलं. 'शेताच्या टोकाला विहीर, विहिरीवर जांभूळ.' जांभूळ बनूबाईंच्या माहेरच्या विहिरीवर होतं. दोघींच्या गोष्टी एकाच आठवड्यात लिहिताना, कडेला सई किरकिरत असताना, एकीचं झाड दुसरीच्या विहिरीवर गेलं होतं. कोणी वाचलं नाही, म्हणून कोणी चूक दाखवली नाही.

"आई," ती सावकाश म्हणाली, "खरं ते दोघांनाही दिसेल, मान्य. पण ही माझी चूक आहे. मी झाड चुकले. माझी चूक महाराजांना कशी दिसली? तुमच्या बापाला स्वतःच्या विहिरीवरचं झाड माहीत नव्हतं?"

 रखमाबाई मेथीची एकेक काडी मोडत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरले. पण हे रडणं मांडवातल्यासारखं नव्हतं.

"माझ्या बापाचं सोंग घेतलं त्याने," त्या म्हणाल्या. "चैते, त्याला सगळ्यांसमोर धर."

"तुम्ही उंबर सांगाल, तर लोक म्हणतील म्हातारी विसरली."

"मग असं कायतरी लिव, जे विसरायला मुळात झालंच नाही!"

आणि जी बाई आयुष्यात दूधवाल्याशीही खोटं बोलली नव्हती, तिने मेथीच्या ढिगामागे बसून रंगात येऊन गोष्ट रचली. महिपती नावाचा थोरला भाऊ. पांढरी घोडी. घोडीवर बसून नवरीला भेटायला निघाला आणि उल्हास नदीच्या पुरात गेला. "नवरीचं लुगडं हिरवं लिव हां! हिरवं छान दिसतं."

चैत्राली अडली. साईटवर जाणूनबुजून खोटं तिने कधी लिहिलं नव्हतं. तिने विचार केला, आणि पानाच्या अगदी तळाशी आणखी तीन ओळी घातल्या. मग पान चढवलं, आणि रखमाबाईंचा नंबर लावला. नंबर लावताना महाराजांचा सेवेकरी जयदेव फोनवर नाव, बापाचं नाव आणि मूळ गाव विचारून घेई. 'पितरांना शोधायला सोपं जातं' म्हणून.

गुरुवारी रखमाबाईंना पहिल्या रांगेत बसवलं. एकदा अनुभव आलेल्यांना तिथं मुद्दाम पुढे घेत. इतरांना रडू यायला कोणीतरी आधी रडावं लागतं ना!

"रखमा माई!" महाराज डुलू लागले. "आज कोणी वेगळाच आलाय. जवान आहे. पांढरी घोडी... महिपती! तुझा थोरला भाऊ महिपती!"

"अगो बाई! कसा दिसतो?"

"ओला चिंब आहे, माई. नदीतून आलाय. विचारतो, रखमे, माझी हिरव्या लुगड्यातली नवरी कुठाय?"

मांडव हेलावला. बनूबाई ओक्साबोक्शी रडू लागल्या. रखमाबाईंनी पदर खोचला आणि समोरचा माईक हातात घेतला.

"महाराज, मला भाऊच नव्हता. आम्ही चार बहिणी."

 जयदेव धावत पुढे आला. "माईंचं वय झालंय, विसरतात..."

"नाही, बेटा!" महाराजांनी हात वर केला. डोळे उघडलेसुद्धा नाहीत. "माई खरं बोलतेय. हा मागच्या जन्मीचा भाऊ! सात जन्मांचं दिसतं मला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रखमाबाई गोंधळून मागे पाहू लागल्या. चैत्रालीला वाटलं, गेलं सगळं. हा माणूस आपली फजितीही विकून खाणार. तिने सईला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माईकपाशी गेली.

"मागच्या जन्मीचा भाऊ मंगळवारी माझ्या साईटवर आलाय. सगळ्यांकडे फोन आहेत ना? 'वेशीवरून' उघडा. पहिलंच पान. बनूबाई, तुमचा आवाज मोठा, तुम्ही वाचा."

"मी कशाला वाचू? तू जळतेस महाराजांवर!"

"जळते. वाचा तरीही."

बनूबाईंनी नाक पुसत फोन काढला. "महिपती... पांढरी घोडी... पूर... हिरवं लुगडं... अगं, हे तर सगळं तसंच!"

"खाली सरकवा. आणखी खाली. शेवटपर्यंत."

बनूबाई वाचू लागल्या, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बदलत गेला. "'ही गोष्ट माझ्या सासूबाईंनी आणि मी मेथी निवडताना रचली. असा भाऊ कधीच नव्हता. पितरानंद महाराजांना तो दिसला, तर समजावं की त्यांनी पान इथपर्यंत वाचलं नाही.'"

आधी मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बाटलीवाला. "अरे साईं, बाबा आधाच पढून आला!" मग सगळा मांडव. हुंदक्यांना महाराजांकडे उत्तर होतं, शंकेलाही होतं. हसण्याला नव्हतं. त्यांनी झटक्यात मान वळवली, तेव्हा केसांआडच्या कानातून इवलंसं काहीतरी निसटून माईकपाशी पडलं. त्यातून बारीक आवाज येत राहिला. "नवरीचं नाव नाही दिलंय, तुम्ही काहीही बोला..." गर्दीतल्या दोघांनी व्यासपीठामागचा पडदा ओढला. तिथं लॅपटॉपसमोर बसलेला दुसरा एक सेवेकरी हळूच कुजबुजत होता. लॅपटॉपवर 'वेशीवरून'चं पान उघडं होतं. अर्ध्यावर.

पुढच्या गुरुवारी मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती.

चैत्रालीने साईटवर नवं पान लिहिलं. यावेळी लांबवलं नाही. 'कोणी तुमच्या घरातली गोष्ट सांगितली आणि रडू आलं, तर रडा. पण औषध टाकण्याआधी एवढं विचारा, की याला हे कुठून कळलं? नावं फोनवर आधीच विचारून घेतात. गोष्टी साईटवर असतात. पाणी बंद असल्याची सूचना नगरपरिषद काढते. पितर काही सांगत नाहीत. जे सांगायचं ते त्यांनी जिवंतपणीच सांगून ठेवलं आहे, आणि ते ऐकणारी माणसं अजून घरात आहेत. त्यांना विचारा.'

ते पान थोड्यांनी वाचलं. महिपतीचं मात्र गावभर फिरलं. लोक एकमेकांना पाठवत होते, कोणी घोडीचं चित्रही काढलं. खऱ्या विहिरीचं पान होतं तिथंच होतं. चैत्रालीने साईटचे आकडे पुन्हा पाहिले. आता काय आपल्याच खोट्या गोष्टीवर जळायचं?

सई झोपली होती. रखमाबाईंनी इन्सुलिनची सुई घेतली, पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवला. जखम भरत होती.

"उंबर केलास का गो?"

"केला, आई."

"मग ते वाच बघू. घोडीचं नको, माझे विहिरीचं." त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. वाचायचं काही नव्हतं त्यांना, तरीही चढवला. "आणि शेवटपर्यंत वाच."